परतीचा दोर

हिमालयातल्या मोहिमेवरून कुणी परत आला, की स्टेशनवर, घरात, सोसायटीच्या जिन्यात त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'झालं का?' दोनच शब्द. त्यातल्या 'झालं'चा अर्थ शिखर. हो म्हटले तर हार, पेढे, चौकात फलक, शाळेत सत्कार. नाही म्हटले तर क्षणभर शांतता आणि मग 'असू दे, पुढच्या वेळी' असे सांत्वन, नापास झालेल्या मुलाचे करतात तसे. हा माणूस दोन महिने बर्फात राहिला, पाठीवर सामान घेऊन त्याच वाटेने चार-चारदा वर-खाली केले, आजारी जोडीदाराला सांभाळून खाली आणले आणि हातापायांची वीसही बोटे शाबूत घेऊन घरी आला. यातले काहीच त्या दोन शब्दांत मावत नाही.

प्रश्न साधा वाटतो, पण गिर्यारोहक तो बरोबर घेऊन जातो. बेस कॅम्पवर नेतो, शेवटच्या तंबूत नेतो. शिखर शे-दोनशे फुटांवर आले आहे, दुपार टळली आहे, खालून ढग चढू लागले आहेत, अशा वेळी तोच प्रश्न त्याच्या कानात वाजत असतो. त्या घटकेला मागे फिरायचे की नाही, हे जितके वाऱ्यावर ठरते तितकेच घरच्यांच्या, पैसे देणाऱ्यांच्या आणि तुमच्या-आमच्या अपेक्षेवर ठरते. शिखराजवळून मागे फिरणे ही गिर्यारोहणातली सर्वांत अवघड कामगिरी आहे, असे माझे मत आहे. तिचा मान ठेवायला आपण शिकलो नाही, तर किंमत आपली तरुण मुले मोजतील. काहींनी ती मोजलीही आहे.

यात आपले मराठी मन थोडे आड येते, हे मान्य केले पाहिजे. सिंहगडाची गोष्ट ऐकून कुणाच्या अंगावर काटा आला नाही? तानाजी पडतो, मावळ्यांचा धीर सुटतो, ते कड्याकडे धावतात, आणि सूर्याजी त्यांना सांगतो की दोर केव्हाच कापले आहेत. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण धंद्यात, नोकरीत, निवडणुकीत सर्वत्र कौतुकाने वापरतो. पण ज्या गडासाठी हे दोर कापले गेले तो कोंढाणा, १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी एक होता, ही गोष्ट सांगायची राहून जाते. मिर्झाराजे जयसिंगाची फौज दाराशी आली होती. वेळ आपली नाही हे ओळखून महाराजांनी २३ किल्ले सोडले, १२ राखले, आणि १६७० साली गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. पुरंदरची माघार नसती तर कोंढाण्यावर चढायला माणसे कोठून आली असती? दोर कापणारा सूर्याजी आपल्याला तोंडपाठ आहे. किल्ले सोडणारे महाराज मात्र, धडा घ्यायची वेळ आली की, आपल्याला आठवत नाहीत.

पहाडात तर दोर कापण्याची सोयच नसते. ज्या दोराने वर जायचे त्यानेच खाली यायचे असते. शिखर म्हणजे निम्मा रस्ता. उरलेला निम्मा थकलेल्या पायांनी, संपत आलेल्या प्राणवायूवर आणि बहुधा बिघडत्या हवेत उतरायचा असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे तिथल्या एका श्वासात मुंबईतल्या श्वासाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच प्राणवायू. आठ हजार मीटरच्या वर शरीर विश्रांतीने सावरत नाही, तासातासाने खचत जाते. विचारशक्तीही मंदावते. साधी बेरीज चुकते, हातमोजा कोठे ठेवला ते आठवत नाही. अशा डोक्याने 'आता परतावे का?' हा आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय घ्यायचा असतो. म्हणून जाणती माणसे तो खालीच, डोके ताळ्यावर असताना, घेऊन ठेवतात : अमुक वाजता जेथे असू तेथून मागे, मग शिखर हाकेच्या अंतरावर का असेना. एव्हरेस्टचा इतिहास पाहिला तर अगदी वरच्या टप्प्यात प्राण गमावलेल्यांतला मोठा वाटा उतरताना गेलेल्यांचा आहे.

ज्यांनी हे पाळले त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, हीच खरी गंमत आहे. ४ जून १९२४ रोजी एडवर्ड नॉर्टन हा ब्रिटिश अधिकारी कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने ८,५७३ मीटरपर्यंत पोहोचला. जोडीदार सॉमरव्हेल थोडा खाली थांबला होता. पुढे कौलांसारखे एकावर एक रचलेले, भुसभुशीत बर्फाने झाकलेले उतरते कातळ होते, दोर लावायला दुसरा माणूस नव्हता आणि नॉर्टनला एकाच्या जागी दोन दिसू लागले होते. दुपारचा एक वाजला होता. तो मागे फिरला. चार दिवसांनी मॅलरी आणि अर्व्हिन वर गेले आणि परतले नाहीत. मॅलरीचा देह १९९९ साली सापडला, अर्व्हिनचे अवशेष २०२४ साली. मॅलरीवर पुस्तके निघाली, तो शिखरावर पोहोचला होता का यावर शंभर वर्षे वाद चालला. नॉर्टनचे नाव किती जणांना ठाऊक आहे? पण परत आलेला नॉर्टन पुढे तीस वर्षे जगला, आणि १९५३ च्या मोहिमेचा नेता जॉन हंट याला शेवटचा तंबू शक्य तितका वर लावा असे सांगणाऱ्या जुन्या जाणत्यांत तो होता. वरची जागा पाहून परत आलेल्या माणसाचा तो सल्ला होता.

त्या १९५३ च्या मोहिमेतही हेच झाले. २९ मे हा दिवस सर्वांना माहीत आहे. त्याच्या तीन दिवस आधी, २६ मे रोजी, टॉम बूर्दियाँ आणि चार्ल्स इव्हान्स हे दोघे दक्षिण शिखरावर उभे होते. तोवर माणूस तेथे पोहोचल्याची नोंद नव्हती. मुख्य शिखर उरले होते जेमतेम तीनशे फूट उंच. दिवस कलला होता, इव्हान्सचे प्राणवायूचे उपकरण त्रास देत होते, आणि पुढची धार करून परत यायला वेळ पुरणार नव्हता. बूर्दियाँला पुढे जायचे होते. पण दोघेही परतले. त्यांनी त्या शेवटच्या धारेचे डोळ्यांनी पाहिलेले वर्णन खाली आणले आणि अर्धवट भरलेली दोन सिलिंडर वाटेत ठेवली. शिखर करून परतताना हिलरी आणि तेनझिंग यांनी तीच सिलिंडर वापरली. जगाच्या माथ्यावर गेलेले पहिले दोन पुरुष, मागे फिरलेल्या दोघांनी ठेवलेला श्वास घेत खाली आले.

याच इव्हान्सने दोन वर्षांनी, १९५५ साली, कांचनगंगेवरच्या मोहिमेचे नेतृत्व केले. सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र, म्हणून माथ्यावर पाऊल ठेवायचे नाही असा शब्द मोहिमेने दिला होता. लागोपाठ दोन दिवस दोन जोड्या वर गेल्या आणि चौघेही माथ्याच्या काही फूट खाली थांबून परत आले. कुणी पाहायला नव्हते, तरी शब्द पाळला गेला. कांचनगंगेची पहिली चढाई म्हणून जग तीच मानते. पुढे तेथे गेलेल्या अनेकांनी हा पायंडा पाळला आहे.

आणि खुद्द तेनझिंग? १९५३ ची ही त्यांची एव्हरेस्टवरची सातवी मोहीम होती. १९३५ साली भारवाहक म्हणून ते पहिल्यांदा गेले. १९५२ च्या वसंतात स्विस मोहिमेतल्या रेमंड लँबर्टबरोबर ते सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचले होते, तेथूनही त्यांना फिरावे लागले. सहा वेळा हा माणूस शिखर न करता दार्जिलिंगला आपल्या घरी परत आला. सातव्या वेळेला जायला तो जिवंत होता, म्हणून आज आपल्या शालेय पुस्तकांत त्यांचे छायाचित्र आहे.

आपल्या देशाची कहाणी तर याहून बोलकी आहे. १९६० साली ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम एव्हरेस्टवर गेली. २५ मे रोजी सोनम ग्यात्सो, नवांग गोम्बू आणि नरेंद्र कुमार हे तिघे २८,३०० फुटांपर्यंत पोहोचले. शिखर राहिले होते सुमारे सातशे फूट. वादळी वाऱ्यात त्यांनी माघार घेतली. १९६२ साली मेजर जॉन डायस यांची दुसरी मोहीम. या वेळी सोनम ग्यात्सो, मोहन कोहली आणि हरी डांग २८,६०० फुटांवर गेले. उरले चारशे फूट. पुन्हा हवा बिघडली, पुन्हा माघार. आज अशा दोन मोहिमा लागोपाठ झाल्या तर आपण काय मथळे देऊ? 'एव्हरेस्टची पुन्हा हुलकावणी', 'भारताच्या पदरी पुन्हा निराशा'. मग आला १९६५ चा मे महिना. नेते होते मोहन कोहली, तेच, चारशे फुटांवरून फिरलेले. २० ते २९ मे या दहा दिवसांत चार तुकड्यांतून नऊ भारतीय शिखरावर पोहोचले. पहिल्या जोडीत ए. एस. चीमांबरोबर नवांग गोम्बू होते, ते १९६३ साली अमेरिकन मोहिमेतून एकदा जाऊन आले होते आणि आता दोनदा एव्हरेस्ट चढणारे जगातले पहिले पुरुष ठरले. दुसऱ्या जोडीत होते सोनम ग्यात्सो, १९६० चेही आणि १९६२ चेही. सातशे फूट, चारशे फूट आणि मग शिखर. १९६० च्या त्या वाऱ्यात हे तिघे हट्टाने पुढे गेले असते, तर १९६५ साली कोण गेले असते?

उलट बाजूचे उदाहरण १९९६ चे. स्वीडनचा योरान क्रोप स्टॉकहोमहून सायकलवर निघून नेपाळला आला होता. ३ मे रोजी तो एकटाच, प्राणवायूशिवाय, शिखरापासून तासाभराच्या अंतरावर पोहोचला आणि उशीर झाला म्हणून परत फिरला. हजारो मैल सायकल मारून आल्यावर! या संयमाचे कौतुक करणाऱ्यांत न्यूझीलंडचा नामवंत मार्गदर्शक रॉब हॉल होता. आठवडाभराने, १० मे रोजी, हॉल आपल्या गिऱ्हाइकांना घेऊन वर गेला. आदल्या वर्षी दक्षिण शिखरावरून ज्याला त्याने मागे वळवले होते, तो अमेरिकन टपाल कर्मचारी या वेळीही त्याच्याबरोबर होता. परतीची ठरलेली वेळ टळून गेली तरी हॉलने त्याला शिखरावर नेले. दुपारचे चार वाजले होते. वादळाने गाठले आणि दोघेही परतले नाहीत. त्याच तुकडीतले तिघे मात्र रांग हलत नाही हे पाहून दुपार होण्याआधीच मागे वळले होते. ते तिघे घरी पोहोचले.

त्याच दिवशी पलीकडच्या, तिबेटच्या बाजूने इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे सहा जवान शेवटच्या चढाईला निघाले होते. हवा बिघडू लागली तसे तिघे परतले, तिघे पुढे गेले. पुढे गेलेल्यांनी शिखर गाठल्याचा संदेश दिला. ते नेमके माथ्यावर होते की थोडे खाली, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. ते परत आले नाहीत. दोन्ही बाजू मिळून त्या वादळात आठ जण गेले. क्रोप मात्र तंबूत विश्रांती घेऊन पुन्हा निघाला आणि २३ मे रोजी शिखरावर जाऊन आला. वीस दिवसांचा फरक.

येथे कुणी म्हणेल, माघारीचे असे गोडवे गायले तर शिखरे चढायची कुणी? जिद्द नावाची काही चीज आहे की नाही? आक्षेप रास्त आहे. हिलरी आणि तेनझिंग त्या शेवटच्या धारेवर घाबरून परतले असते तर आज त्यांचे नाव नसते. थोडा वारा सुटला, बूट चावला, म्हणून परतणाऱ्याला मी मान द्या म्हणत नाही. कसून तयारी केलेल्या, ताकद शिल्लक असलेल्या, शिखर दिसत असलेल्या माणसाच्या माघारीविषयी मी बोलतो आहे. जिद्द सोनम ग्यात्सोंकडे होतीच. पाच वर्षांत तीनदा तेथे जायला ती लागते. मला एवढेच म्हणायचे आहे की पहाडातली जिद्द वर्षांत मोजावी, दुपारच्या दोन-चार तासांत मोजू नये.

दुसरा आक्षेप असा, की ज्याचा जीव त्याचा निर्णय. आपण कोण बोलणार? पण हे तितकेसे खरे नाही. हिमालयात कुणी एकटा अडकत नाही. त्याला आणायला कुणीतरी वर जातो, आणि तो बहुतेक वेळा शेर्पा असतो. त्यालाही घर असते, मुले असतात. अडलेल्याला सोडून उतरायचे की त्याच्याबरोबर थांबायचे, हा पेच आपल्या हट्टामुळे दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. सत्काराच्या व्यासपीठावर मात्र त्या दुसऱ्याचे नाव शेवटच्या ओळीत येते, आले तर.

अलीकडे यात पैशाची भर पडली आहे. नेपाळमध्ये नेहमीच्या मार्गाने वसंतातल्या चढाईसाठी नुसत्या परवान्याची फी २०२५ च्या सप्टेंबरपासून माणशी १५ हजार डॉलर झाली. वर शेर्पा, प्राणवायू, तंबू, प्रवास. मध्यमवर्गीय घरातला मुलगा किंवा मुलगी कर्ज काढून, दागिने मोडून, गावात वर्गणी गोळा करून जाते. ज्यांनी पैसे दिले त्यांना तोंड दाखवायचे असते. मे २०१९ मध्ये शिखराखालच्या धारेवर लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर गाजले. त्या मोसमात एव्हरेस्टवर अकरा जण गेले; त्यांत भारतीय होते, महाराष्ट्रातलेही होते. त्या प्रत्येकाच्या बाबतीत काय घडले याचा न्याय येथे बसून करणे बरे नव्हे. पण 'एवढा खर्च झाला, आता परत कसे जायचे?' हा विचार त्या रांगेत किती जणांच्या मनात असेल, याची कल्पना करता येते. आणि २०१६ साली महाराष्ट्रातल्याच एका दांपत्याने एव्हरेस्ट केल्याचा दावा केला, छायाचित्रे बनावट ठरली, नेपाळ सरकारने प्रमाणपत्रे रद्द करून दहा वर्षांची बंदी घातली. त्यांना दोष द्यावाच. पण ज्या गावात 'झालं का?' याखेरीज दुसरा प्रश्नच नसतो, तेथे खोट्या उत्तराला बाजार मिळतो, हेही ध्यानात घ्यावे.

एव्हरेस्टला फार थोडे जाणार. सह्याद्रीत मात्र शनिवार-रविवारी हजारो जातात. तेथेही हाच प्रश्न आहे. पावसाळ्यात ओढ्याला तांबडे पाणी येते, कातळातल्या पायऱ्यांवर शेवाळ असते, धुक्यात वाट हरवते. अशा वेळी 'इथवर आलोच आहोत तर' हे चार शब्द फार धोक्याचे आहेत. ओढ्याच्या अलीकडून परतणारा गट भित्रा नसतो. त्याचा म्होरक्या शहाणा असतो.

मग करायचे काय? फार मोठ्या गोष्टी नाहीत. मोहिमेला पैसे देणाऱ्यांनी देतानाच लेखी सांगावे की शिखर झाले नाही तरी आमची तक्रार नाही. पुरस्कारांची निवड करणाऱ्यांनी शिखराच्या प्रमाणपत्राबरोबर, संपूर्ण तुकडी सुखरूप परत आली का, इतरांच्या अडचणीला कोण थांबले, हेही विचारावे. गिर्यारोहण संस्थांनी आपल्या वार्षिक सभेत, शिखर केलेल्यांच्या शेजारी, शहाणपणाने मागे फिरलेल्या नेत्यालाही बोलायला उभे करावे आणि तो निर्णय कसा घेतला ते नव्या मुलांना ऐकवावे. आम्ही लिहिणाऱ्यांनी 'हुलकावणी' आणि 'अपयश' हे शब्द जपून वापरावेत.

आणि घरच्यांनी? आईवडिलांच्या हाती सगळ्यांत जास्त आहे. मुलगा किंवा मुलगी निघताना औक्षण करा, दही हातावर ठेवा, आणि त्याच वेळी एक कागद लिहून घ्या : किती वाजता, कोठून, काय दिसले की मागे फिरणार. एक प्रत देवघरात ठेवा, एक पाठपिशवीत जाऊ द्या. वर, वाऱ्यात, डोके चालेनासे झाल्यावर, आपल्याच अक्षरात लिहिलेली ती वेळ, आणि खाली आईची सही, एवढे दिसले तरी पुष्कळ आहे.